दारोदार विकणाऱ्यांना परवाना लागतो का?

दारावर भाजी, बांगड्या किंवा झाडू विकायला येणारेही कायद्याच्या भाषेत ‘पथविक्रेते’च. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात टोपली वा हातगाडी घेऊन हिंडणाऱ्यांचा ‘फिरते विक्रेते’ असा वेगळा वर्ग आहे. महापालिका किंवा नगरपालिकेचे विक्री प्रमाणपत्र हाच त्यांचा परवाना. ते सर्वेक्षणात नोंद झालेल्यांना मिळते आणि दुसऱ्याला भाड्याने देता येत नाही. सर्वेक्षण पाच वर्षांतून किमान एकदा व्हायला हवे. ते करणाऱ्या नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असतात.

सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाही विक्रेत्याला हटवू नये, असे कलम ३ सांगते. त्यामुळे सर्वेक्षण रखडले की विक्रेता ना अधिकृत, ना हटवण्याजोगा, असा लोंबकळत राहतो.

माल जप्त झालाच, तर अधिकाऱ्याने सहीची यादी द्यायची असते. ठरलेले शुल्क भरून मागणी केल्यावर इतर माल कामकाजाच्या दोन दिवसांत, तर नाशवंत माल त्याच दिवशी परत करावा लागतो. भाजीवालीसाठी ही तरतूद सर्वांत मोलाची. कालची मेथी आज कोण घेणार? सोसायटीच्या फाटकातून आत सोडायचे की नाही, हे मात्र सोसायटीच ठरवते.