आद्याक्षराची ओळख

पाठांतराचा महिमा आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. परंतु जपानात त्याची जी कसोटी लागते ती विलक्षणच होय. फुजिवारा नो तेइका या कवीने इ. स. १२३५ च्या सुमारास शंभर कवींचे एकेक गीत निवडून ‘ह्याकुनिन इश्शु’ हा संग्रह सिद्ध केला. पुढे त्यावरून पत्त्यांचा खेळ निघाला. १९०४ साली पत्रकार कुरोइवा रुइको याने तोक्योत स्पर्धा भरवून त्यास एकच नियम लावले.

उचलावयाच्या पत्त्यावर गीताचा उत्तरार्धच असतो. पाठक पूर्वार्ध आळवू लागला की खेळाडूने नेमका पत्ता उचलावयाचा. मु, सु, मे, फु, सा, हो, से या अक्षरांनी आरंभ होणारे गीत प्रत्येकी एकच. म्हणून अक्षर कानी पडताच हात पडतो. ‘अ’ची गीते मात्र सोळा! तेथे उतावळा फसतो. आमच्या भेंड्यांत अंत्याक्षरावरून नवे गाणे शोधावयाचे, येथे आद्याक्षरावरून ठरलेलेच ओळखावयाचे. या घाईत काव्य हरवत नाही ना, अशी शंका आम्हांस येते खरी. पण ही सर्व शंभर गीते मुखोद्गत असल्यावाचून हात उठतच नाही.

संग्रहातील पहिले गीत सातव्या शतकातील सम्राट तेन्जी याच्या नावावर आहे, आणि तेही ‘अ’चेच. ओत्सु येथील ओमी देवस्थानात त्याचीच पूजा होते; दर जानेवारीत या खेळाचे श्रेष्ठपद तेथेच ठरते.