उद्धरण आणि ओवी

उद्धरणाचे सामर्थ्य श्रोत्याच्या स्मरणात असते. सतराव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्रज धर्मोपदेशकांचा पश्चात्तापाचा उपदेश या स्मरणावरच उभा होता. १६०२ साली, उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी, लॅन्सेलॉट अँड्र्यूज यांनी राणी एलिझाबेथच्या दरबारापुढे प्रवचनासाठी यिर्मया संदेष्ट्याची वचने घेतली. पक्ष्यांना परतीचा ऋतू कळतो, मनुष्याला मात्र परतण्याची वेळ उमगत नाही, हा त्यांचा आशय. अँड्र्यूज वचनातील एकेक शब्द तोलीत पुढे जात. हे शक्य होते, कारण १५६० च्या जिनिव्हा बायबलाने ती वचने इंग्रजीत अनेक घरांत पोहोचविली होती.

त्याच पिढीतील एका इंग्रजाला ही सोय नव्हती. येशूसंघीय फादर टॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले आणि सासष्टीत रमले. कॅथलिक पंथीयांना त्या वेळी इंग्लंडात थारा नव्हता. गोव्यातील नवख्रिस्ती श्रोत्यांपुढे त्यांनी कोणते वचन उद्धृत करावे? मराठीत बायबल नव्हते. श्रीरामपुरास मराठी नवा करार छापला गेला तो १८११ साली. श्रोत्यांच्या कानांत होती ती पुराणांची ओवी. म्हणून स्टीफन्स यांनी वचन उद्धृत करण्याऐवजी कथाच सांगितली. १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापलेल्या त्यांच्या 'क्रिस्तपुराणा'त सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. एकनाथांच्या भागवताने अनुतापाचा अर्थ मराठी मनात आधीच रुजविला होता. त्या मनाला पापाची आणि क्षमेची ही नवी कथा अगदीच परकी वाटण्याचे कारण नव्हते.

तथापि या मधुर ओवीमागे कठोर सत्ता उभी होती. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायासन स्थापन झाले. १५६७ मध्ये सासष्टीतील देवळे पाडण्यात आली. पश्चात्ताप म्हणजे परत फिरणे, असे उपदेशक सांगत. आणि पूर्वजांच्या आचाराकडे परत फिरणाऱ्यास तेथे शिक्षा होई. इंग्लंडातही १५५९ च्या कायद्याने चर्चला न जाणाऱ्यास दंड होता. अनुताप हा अंतःकरणाचा धर्म. हुकमाने तो उपजत नाही.

१६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेवरच बंदी घातली. तरीही क्रिस्तपुराण हस्तलिखितांतून टिकले आणि १९०७ साली मंगळूरास पुन्हा छापले गेले. सत्तेच्या आज्ञेवाचून, किंबहुना तिला न जुमानता, लोकांनी जे जतन केले तेच त्यांचे खरे वचन ठरले.