लातूरचे दोन कागद

13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि 17 तारखेला निजामाने शरणागती पत्करली. मराठवाडा हा दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो आणि त्याला तसा हक्कच आहे; निजामाच्या बाजूच्या रझाकार या सशस्त्र संघटनेचा जुलूम इथल्या गावांनी अंगावर झेलला होता. पण लातूरचा इतिहास त्या तारखेला थांबत नाही, हे दोन कागदांवरून कळतं.

पहिला, या लष्करी कारवाईनंतर मुसलमानांवर उसळलेल्या हिंसाचाराबद्दलचा सुंदरलाल समितीचा अहवाल. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री 29 नोव्हेंबर 1948 ला हैदराबादेत पोहोचले आणि 21 डिसेंबरला दिल्लीला परतले. एवढ्या दिवसांत त्यांनी सोळांपैकी नऊ जिल्हे पाहिले. जिथे जाता आलं नाही अशा 109 गावांतल्या पाचशेहून अधिक लोकांशी ते बोलले. आपण चौकशी आयोग नव्हे, सलोखा परत आणण्यासाठी पाठवलेलं सद्भावना मंडळ आहोत, असं त्यांनी स्वतःच नोंदवलं. त्यामुळे त्यांचे आकडे अंदाज म्हणूनच वाचले पाहिजेत. मात्र हे अंदाज निजामाच्या पक्षपात्यांचे नव्हते. सुंदरलाल स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेले गांधीवादी होते.

लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी बाजारपेठ, असं अहवाल या गावाचं वर्णन करतो. तिथे वीस दिवसांहून अधिक काळ कत्तल चालू राहिली. सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार समितीला गावात दिसले. हजारावर मारले गेले होते, उरलेले केवळ जीव वाचवून पळाले होते, धंद्यातून पार उठले होते. संस्थानभरातल्या बळींचा समितीचा अंदाज 27 ते 40 हजारांचा होता. सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे म्हणजे उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. रझाकारांचे बालेकिल्लेही हेच, आणि त्यांच्या हातून लोकांनी सर्वांत जास्त सोसलं तेही इथेच, हे समितीने लपवलं नाही. सूड कुठून आला ते यावरून समजतं. दुकानात बसलेल्या माणसावर तो का उगवावा, याचं समर्थन मात्र मला कुठल्याच कागदात सापडत नाही.

त्याच अहवालात अनेक ठिकाणच्या हिंदू विणकरांची नोंद आहे. त्यांनी आपल्याबरोबरच्या मुसलमान विणकरांना वाचवलं, प्रसंगी त्यासाठी जीव गमावला. पळवून नेलेल्या मुसलमान स्त्रियांना सोडवायलाही अनेक हिंदूंनी मदत केली. मुक्तिदिनाच्या भाषणांत ही माणसं का नसावीत?

समिती हैदराबादेत उतरली त्याच दिवशी दिल्लीत संविधान सभेने धर्म, जात यांवरून भेदभाव करण्यास मनाई करणारं कलम मंजूर केलं. हेच आजचं कलम 15. 26 जानेवारी 1950 ला ते लातूरलाही लागू झालं.

दुसरा कागद त्यानंतरचा, सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचाच वकील. जानेवारी 1948 मधल्या बीबीनगर दरोड्याच्या खटल्यात विशेष न्यायाधिकरणाने त्याला शिक्षा दिली. संविधान येण्याआधी नेमलेल्या या न्यायाधिकरणाची वेगळी कार्यपद्धती कलम 14 मधल्या समानतेचा भंग करते, असं म्हणत तो सर्वोच्च न्यायालयात गेला. 1953 मध्ये पाच न्यायमूर्तींपैकी तिघांनी त्याचं म्हणणं फेटाळलं. गुलाम हसन आणि व्हिव्हियन बोस यांनी मात्र भिन्नमत नोंदवलं. ज्याच्या नावाने मराठवाडा थरथरत होता, त्याच्याही समान हक्काचा प्रश्न देशाच्या सर्वोच्च पीठाने इतक्या गांभीर्याने घेतला की दोन न्यायमूर्ती त्याच्या बाजूने उभे राहिले. मला त्याचा अभिमान वाटतो.

आणि म्हणूनच पहिला कागद जास्त बोचतो. सरदार पटेलांना समितीचे निष्कर्ष मान्य नव्हते. सरकारने अहवाल छापला नाही. रझवी 1957 मध्ये सुटून पाकिस्तानात गेला, 1970 मध्ये कराचीत वारला. अहवालाचा पूर्ण मजकूर वाचकांच्या हाती सहजपणे आला तो 2013 च्या सुमारास, तोवर ते वीस दिवस पाहिलेली बहुतेक माणसं गेली होती. आता उरतात त्या महसुली नोंदी, व्यापाऱ्यांच्या वह्या, कबरस्तानांची दप्तरं आणि विणकरांच्या घरांतल्या आठवणी. लातूर-नांदेडच्या इतिहास विभागांनी हे सगळं गावनिहाय गोळा करायला हवं, आणि रझाकारांनी मारलेल्यांची नावंही त्याच वहीत लिहायला हवीत.