पावसाआधी रस्त्याकडेची झाडं तपासा : धोका कसा ओळखावा, अर्ज कुणाकडे द्यावा

राजूर (ता. वणी) : रोहिणी नक्षत्र लागलं की वावधन सुटतं आणि रस्त्यावर झाड आडवं पडल्याच्या बातम्या सुरू होतात. कोळसा खाणी आणि चुनाभट्ट्यांच्या राजूर परिसरात रस्त्यांवर जड वाहनांची वर्दळ असते. उन्हात सावली देणारं झाडही इथे तेवढंच मोलाचं. म्हणून सरसकट तोड हा उपाय नाही. कोणतं झाड खरंच धोक्याचं आहे, हे मृगाच्या आधी पाहून ठेवणं हा उपाय आहे.

धोका दोन गोष्टींवर ठरतो

एक, झाड किंवा फांदी मोडण्याची शक्यता. दोन, तिच्याखाली माणसं किती वेळ असतात. वावराच्या धुऱ्यावरचं वाळलेलं बाभळीचं झाड पडलं तर फारसं नुकसान नाही. पण तशीच वाळकी फांदी एसटी थांब्यावर, शाळेच्या फाटकापाशी किंवा चहाच्या टपरीवर असेल, तर तिचा नंबर पहिला.

काय पाहावं

- बुंध्याजवळ किंवा मुळांवर अळंबी उगवलेली असणं. आतलं लाकूड कुजत असल्याची ही खूण.
- खोडाला ढोली, उभी चीर किंवा लाकडी मोगरीनं ठोकल्यावर पोकळ आवाज.
- झाड नव्यानं झुकलेलं आणि झुकावाच्या उलट बाजूला माती उचललेली किंवा भेगाळलेली.
- शेंड्याकडून वाळत आलेल्या किंवा मोडून अडकलेल्या फांद्या.

वर्षानुवर्षं तिरपं उभं असलेलं झाड मजबूत असू शकतं. नव्यानं झुकलेल्याची काळजी करावी. हिरवागार शेंडा म्हणजे झाड सुरक्षित, असंही नाही. मुळं तुटलेलं झाड काही काळ हिरवंच दिसतं. गुलमोहराची मुळं उथळ आणि फांद्या ठिसूळ असतात, त्याच्याकडे जास्त लक्ष हवं.

झाड कमजोर कशानं होतं

बऱ्याचदा माणसानंच. पाइपलाइनची नाली किंवा रस्ता रुंदीकरणात एका बाजूची मुळं कापली जातात. धुरा पेटवताना किंवा बुंध्याशी कचरा जाळताना साल करपते आणि तिथून कूज शिरते. खोडाला भिडवून टाकलेलं काँक्रीट मुळांचं पाणी-हवा तोडतं. राष्ट्रीय हरित लवादानं 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. गावातही तेवढी जागा मोकळी सोडायला काय हरकत?

अर्ज कुणाकडे

आधी रस्ता कुणाचा ते विचारावं. राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे, गावातले रस्ते ग्रामपंचायतीकडे असतात. अर्जात झाडाची जात, किलोमीटर दगड किंवा जवळची खूण आणि दिसलेला दोष लिहावा. फोटो जोडावा, पोच घ्यावी. दखल घेतली नाही, तर माहितीच्या अधिकारात अर्जाचं काय झालं ते विचारता येतं. उत्तराची मुदत साधारण 30 दिवस आहे.

झाड पडून इजा होण्याची शक्यता असेल, तर ते काढण्याचा किंवा त्याला आधार देण्याचा आदेश उपविभागीय दंडाधिकारी देऊ शकतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 मध्ये तशी तरतूद आहे. खासगी जागेतलं झाड रस्त्यावर झुकलं असेल, तेव्हाही हा मार्ग आहे.

परस्पर कुऱ्हाड मात्र चालवू नये. 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्यात आंबा, चिंच, मोह, जांभूळ, साग अशा झाडांना संरक्षण आहे. ती तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते.

छाटणी कशी हवी

सगळा शेंडा उडवून खुंट ठेवणं म्हणजे छाटणी नव्हे. त्या खुंटाला येणारे फुटवे वरवर चिकटलेले असतात आणि काही वर्षांनी तेच मोडतात. वाळकी, चिरलेली आणि वाहनाला लागणारी फांदीच काढावी. जाड फांदी आधी खालून थोडी कापावी, मग वरून; नाहीतर साल खोडापर्यंत सोलली जाते.

वादळात

झाडाखाली थांबू नये, दुचाकीही लावू नये. झाड तारेवर पडलं असेल तर जवळ जाऊ नये, तार बंद आहे असं समजू नये. 1912 वर महावितरणला कळवावं. कुणी अडकलं असेल तर 112, जखमीसाठी 108.

मे महिन्यात गावातल्या चार जणांनी एक सकाळ काढून रस्त्यावरची झाडं पाहिली, तर कोणतं राखायचं आणि कोणत्या झाडासाठी अर्ज द्यायचा, हे ठरून जातं. एक झाड काढावं लागलंच, तर त्याच पावसाळ्यात रस्त्यापासून जरा आत कडुनिंबाची दोन रोपं लावावीत.