तिसरा माणूस

जून महिना आला की आमच्या शाळेत झेरॉक्सच्या कागदांचा ढीग पडतो. प्रवेशाचे अर्ज, शिष्यवृत्तीचे अर्ज, त्यांना जोडायचे दाखले. यंदा एक विद्यार्थी अर्ज घेऊन माझ्यापुढे उभा राहिला.

"सर, इथं 'स्वसाक्षांकित प्रत' असं लिहिलंय. म्हणजे काय?"

"सेल्फ अटेस्टेड. झेरॉक्सवर खाली सही कर."

"ते कळलं सर. पण माझ्याच कागदाला मीच साक्षीदार कसा?"

मी त्याला सही करायला लावून घरी पाठवलं. प्रश्न मात्र माझ्याकडेच राहिला. उर्दू आणि मराठी शिकवणाऱ्या माणसाला शब्द असा सहजासहजी सोडत नाही.

'अटेस्ट' हा शब्द इंग्रजीत लॅटिनमधून आला. त्याच्या पोटात 'टेस्टिस' आहे, म्हणजे साक्षीदार. भाषेचे अभ्यासक या शब्दाचा मूळ अर्थ 'तिसरा उभा असलेला' असा लावतात. व्यवहार दोघांचा, आणि बाजूला उभा राहून पाहणारा तिसरा. आपला 'साक्षी' संस्कृतातला. त्यात डोळा आहे. साक्षी म्हणजे ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तो. अरबीतल्या 'शहादत'मध्ये हजर असणं आणि पाहणं दोन्ही येतं. फारसीतून आलेली 'गवाही' मराठीत 'ग्वाही' झाली. आज पुढारी भाषणात 'ग्वाही देतो' म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ फक्त आश्वासन असतो. पाहिलेल्या गोष्टीचा शब्द न पाहिलेल्या भविष्याला लागला.

उर्दूत अटेस्ट करण्याला आणखी एक शब्द आहे, 'तस्दीक'. तो 'सिद्क' म्हणजे सच्चेपणा, त्यावरून आला. गवाही देणारा म्हणतो, 'मी पाहिलं'. तस्दीक करणारा म्हणतो, 'हे खरं आहे'. वरवर दोन्ही एकच वाटतात. पण आपल्या मुलखातला कागदांचा इतिहास पाहिला की दोन्हींतलं अंतर कळतं.

निजामशाहीपासून पेशवाईपर्यंत आपल्याकडे वतनाचा किंवा हद्दीचा तंटा सुटला की 'महजर' होत असे. हा शब्दही अरबी, आणि 'हजर', 'हुजूर' यांच्याच कुळातला. सभेत जे हजर होते त्यांच्या समक्ष झालेला निवाडा, तो महजर. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर 1953 साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो अशाच अस्सल निवाड्यांवर उभा आहे. महजराला देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे, बलुतेदार हजर असत. मुसलमानी अंमलात काजीही असे, आणि त्याचा शिक्का कागदावर उठे. ज्याला लिहिता येत नसे त्याची निशाणी असे. पाटलाचा नांगर, सुताराचं हत्यार, बाईची बांगडी. एका कागदावर नांगर, बांगडी आणि काजीचा फारसी शिक्का शेजारी शेजारी. त्या माणसांना कागद वाचता येत नव्हता, तरी आपण कशाला हजर होतो हे त्यांना ठाऊक होतं. उद्या कोणी मुकरलं तर गावच साक्षीला उभं राहणार होतं.

हे सगळं लिहिणारा हात कुलकर्ण्याचा. आमच्या राहुरी तालुक्यात ताहाराबाद आहे. तिथले महिपती (1715–1790) संतचरित्रकार म्हणून सगळ्यांना माहीत आहेत, पण घराण्याने ते गावचे कुलकर्णी. त्यांची आख्यायिका आमच्याकडे अजून सांगतात. महिपती पूजेला बसले असताना जहागीरदाराचा शिपाई बोलावणं घेऊन आला आणि लगेच चला म्हणून अडून बसला. महिपती पूजा उरकून गेले, काम संपवून घरी आले, देवापुढे लेखणी ठेवली आणि यापुढे ती फक्त संतांच्या कथेसाठी चालवीन अशी शपथ घेतली. जहागीरदार मुसलमान होता, म्हणून कोणी ही कथा हिंदू-मुसलमानांची करतात. मला ती लेखणीची वाटते. आपला हात कोणाच्या सांगण्यावरून चालतो, हा प्रश्न त्या कुलकर्ण्याला पडला होता. आणि लिहिण्याचा जुना धर्म त्यांनी पुढेही सोडला नाही. 'भक्तविजय' (1762) लिहिताना ही चरित्रं मी मनाची रचली नाहीत, नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांच्या ग्रंथांच्या आधाराने सांगतो, असं ते नमूद करतात. त्यांनी पाहिलं होतं ते फक्त ग्रंथ, तेव्हा साक्षही तेवढ्याचीच दिली.

पुढे इंग्रजी अंमलात कोर्टं आली आणि कागदाला माणसापेक्षा जास्त वजन आलं. सावकार रोखा लिहून घेई, कुणबी त्याखाली निशाणी करी. आत काय लिहिलंय ते त्याला कळत नसे, आणि साक्षीदार बहुतेक सावकाराच्याच ओळखीतले. 1859 च्या कायद्याने अशा दाव्यांना तीन वर्षांची मुदत घातली. हेतू कुळाच्या भल्याचा होता. घडलं उलटं. दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात घालून नवा रोखा होऊ लागला. 12 मे 1875 रोजी सुप्याला उठाव झाला आणि पुणे-नगर जिल्ह्यांत पसरला. लोकांनी सावकारांची घरं गाठली ती मुख्यतः रोखे मिळवून जाळण्यासाठी. ज्या कागदावर आपली निशाणी आहे पण आपली साक्ष नाही, तो कागद त्यांनी जाळला.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879 साली दख्खन शेतकरी कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि आपला अहमदनगर या जिल्ह्यांसाठी. त्यात एक तरतूद अशी होती की शेतकऱ्याने करून दिलेला दस्त ग्रामनिबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा आणि त्यानेच तो साक्षांकित करावा, नाहीतर तो पुराव्यात धरला जाणार नाही. सरकारला पुन्हा तिसरा माणूस शोधावा लागला, जो ना सावकाराचा ना कुळाचा.

इथे मला सूरह बकराची 282वी आयत आठवते. ती कुरआनातली सगळ्यांत लांब आयत, आणि विषय कर्जाच्या कागदाचा. मुदतीचं कर्ज असेल तर लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावं, दोन साक्षीदार घ्यावेत, लिहिणाऱ्याला आणि साक्षीदाराला त्रास होऊ नये. आणि मजकूर सांगावा तो ज्याच्यावर कर्ज आहे त्याने. दख्खनमध्ये मजकूर सांगत होता सावकार. सगळा तंटा त्या एका उलट्या गोष्टीत होता. आमच्यातल्याही किती जणांनी ही आयत वाचली असेल आणि भावाभावांचा व्यवहार तोंडीच ठेवला असेल, ते आपलं आपणच पाहावं.

अटेस्ट म्हणजे नक्की काय, हा प्रश्न लंडनपर्यंत गेला. शामू पट्टर विरुद्ध अब्दुल कादिर रावुत्तर या मद्रास इलाख्यातल्या गहाणखताच्या खटल्यात 1912 साली प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला: साक्षीदाराने सही होताना प्रत्यक्ष पाहिलेली असली पाहिजे. 1926 साली मालमत्ता हस्तांतरण कायद्यात व्याख्या घातली गेली आणि अट सैल झाली. सही पाहिली नसली तरी 'ही माझी सही' असं करून देणाऱ्याने साक्षीदाराला स्वतः सांगितलं तर चालेल. दोन साक्षीदार एकाच वेळी हजर असण्याचीही गरज उरली नाही. आपल्या निकाहात मात्र दोन गवाह समोर बसून इजाब-कबूल कानांनी ऐकतात, तेव्हाच ते गवाह.

नंतरची गोष्ट माझ्या पिढीने पाहिली आहे. बी.एड.च्या प्रवेशासाठी मी राजपत्रित अधिकाऱ्याच्या शोधात दोन दिवस फिरलो. एका कार्यालयात शिपायाने माझी मूळ प्रमाणपत्रं उघडलीसुद्धा नाहीत. झेरॉक्सच्या गठ्ठ्यावर धडाधड शिक्के मारले, आतून हिरव्या शाईच्या सह्या होऊन आल्या. ज्याने मला पाहिलं नाही आणि कागदही पाहिला नाही, तो माझा साक्षीदार झाला. म्हणून 2015 साली महाराष्ट्र सरकारने स्वसाक्षांकन मान्य केलं तेव्हा मला आनंदच झाला. निदान खोटी साक्ष तरी थांबली.

पण तिसऱ्या माणसाची गरज संपली नाही, हे मला गेल्या वर्षी कळलं. एक वयस्कर बाई शाळेत आल्या. नातवाच्या ओबीसी दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा हवा होता. आजोबांची नोंद आमच्या जुन्या रजिस्टरात सापडली, पण नाव 'म्हमूद'. बाकी सगळ्या कागदांवर 'महेमूद'. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की मास्तरांकडून 'दोघे एकच' असं लिहून आणा.

मी म्हणालो, "खालाजान, मी त्यांना कधी पाहिलं नाही. रजिस्टरात काय आहे तेवढंच मी लिहून देऊ शकतो."

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या लग्नाला अख्खी गल्ली होती, सर. त्यातलं आता कोण राहिलंय?"

मी नोंद जशी होती तशी उतरवली, 'मूळ रजिस्टर पाहून लिहिले' असं खाली घातलं आणि मुख्याध्यापकांची सही घेतली. त्या दिवशी घरी जाताना आपण फार कोरडे वागलो असं वाटत राहिलं. एक ओळ लिहून दिली असती तर काय बिघडलं असतं? पण मग माझ्यात आणि त्या शिक्के मारणाऱ्या शिपायात फरक काय राहिला असता?

पुढे तलाठ्यांनी स्थानिक चौकशी करून पंचनामा केला. गल्लीतले चार म्हातारे जमले, दोन आपले आणि दोन शेजारचे हिंदू. म्हमूदच्या बरोबर शाळेत गेलेले, त्याच्या लग्नात जेवलेले. तिघांनी सह्या केल्या, चौथ्याने अंगठा दिला. दाखला मिळाला.

त्या पंचनाम्याची झेरॉक्स बाई मला दाखवायला घेऊन आल्या होत्या. मला तो महजरच वाटला. आज सगळीकडे जुने कागद मागितले जातात, आणि आमच्या लोकांना एका वेलांटीची, एका अक्षराची भीती वाटते. नावं एकसारखी लिहून घ्या, कागद जपा, हे मी पालकसभेत दरवर्षी सांगतो. आता त्याला एक वाक्य जोडतो. शेजाऱ्याच्या लग्नाला, मयतीला, बारशाला जात राहा आणि त्यालाही बोलवा. उद्या कागदावरचं अक्षर चुकलं, तर 'मी तिथं होतो' असं म्हणणारा माणूस लागेल. त्या विद्यार्थ्याला मी जूनमध्ये उत्तर दिलं नव्हतं. तो हा लेख वाचेल अशी आशा आहे.