चालू संगणकीय यंत्रणेची दुरुस्ती : आभासी यंत्रांच्या इतिहासातील एक प्रश्न

प्रस्तावना

गोंदिया शहराच्या जडणघडणीत रेल्वेचा वाटा मोठा आहे. नागपूर ते राजनांदगाव हा मीटरगेज मार्ग 1882 पर्यंत पूर्ण झाला. पुढे 1887 साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वे कंपनीने तो ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केला. 1903 साली गोंदिया ते नैनपूर हा अडीच फूट रुंदीचा सातपुडा मार्ग सुरू झाला व दोन वर्षांनी तो जबलपूरला पोहोचला. या छोट्या मार्गाचे रूपांतर शतकानंतर झाले. गोंदिया-बालाघाट टप्पा 2005-06 च्या सुमारास ब्रॉडगेज झाला. नैनपूर-जबलपूर दरम्यानची छोटी गाडी ऑक्टोबर 2015 मध्ये बंद झाली आणि नव्या मार्गासाठी प्रवाशांना पुढे काही वर्षे थांबावे लागले. जुना रूळ उखडल्याशिवाय त्याच जागी नवा बसत नाही. सेवा सुधारायची तर ती आधी थांबवावी लागते. हा अनुभव या जिल्ह्याला नवा नाही.

संगणकशास्त्रापुढेही हाच प्रश्न उभा होता. तेथे तो कसा हाताळला गेला आणि थांबण्याची किंमत कोणाच्या पदरी पडली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आभासी यंत्राची कल्पना

एकाच संगणकात अनेक संगणक असल्याचा भास निर्माण करणे ही कल्पना आयबीएम कंपनीच्या केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील केंद्रात 1960 च्या दशकात आकारास आली. ‘सीपी-40’ ही त्यांची प्रायोगिक प्रणाली होती. 1972 मध्ये ‘व्हीएम/370’ हे उत्पादन म्हणून जाहीर झाले. प्रत्येक आभासी यंत्राला आपण स्वतंत्र आहोत असे वाटते, परंतु त्या सर्वांच्या खाली एक नियंत्रक प्रणाली असते. तिला आज हायपरवायजर म्हणतात. व्हीएमवेअर कंपनी (1998) आणि केंब्रिज विद्यापीठातील झेन प्रकल्प (2003) यांनी ही कल्पना साध्या सर्व्हरवर आणली. एका यंत्रावर दहा-वीस कार्यालयांचे काम चालू लागले. काटकसर झाली खरी, पण खालच्या नियंत्रक प्रणालीत दोष सापडला तर दुरुस्तीसाठी वरची सर्व कार्यालये एकदम बंद करण्याची वेळ आली.

स्थलांतराचा उपाय

त्यावरचा पहिला उपाय स्थलांतराचा होता. व्हीएमवेअरने 2003 मध्ये ‘व्हीमोशन’ ही सोय दिली. 2005 मध्ये केंब्रिज व कोपनहेगन येथील संशोधकांनी झेनवरील अशाच स्थलांतराचे सविस्तर विवेचन प्रसिद्ध केले. त्यातील मूळ युक्ती मात्र जुनी आहे. 1985 मध्ये स्टॅनफर्डच्या ‘व्ही’ प्रणालीत ती वापरली गेली होती.

ही युक्ती गोंदियाच्या वाचकाला राइस मिलच्या उदाहरणाने सहज कळेल. हंगाम ऐन भरात आहे, धानाच्या गाड्या दारात उभ्या आहेत आणि मुनीमजींचे कार्यालय नव्या इमारतीत हलवायचे आहे. लिहिणे न थांबवता सर्व वह्यांची नक्कल नव्या जागी केली जाते. तेवढ्या वेळात काही पानांवर नव्या नोंदी होतात, म्हणून फक्त तीच पाने पुन्हा उतरवली जातात. प्रत्येक फेरीत पाने कमी होत जातात. अखेर मुनीमजी क्षणभर लेखणी खाली ठेवतात, उरलेली चार पाने पलीकडे जातात आणि लेखन नव्या गादीवर सुरू होते. संगणकाच्या स्मृतीची पाने अशीच हलवली जातात. साठवणूक मात्र सामाईक असल्याने ती हलवावी लागत नाही. 2005 च्या प्रयोगात खेळाडू खेळत असलेल्या एका खेळाच्या सर्व्हरला केवळ 60 मिलिसेकंद खंड पडला. सर्व यंत्रे अशी दुसरीकडे गेली की मोकळ्या संगणकावरील नियंत्रक प्रणाली निवांतपणे बदलता येते.

येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. खंड नाहीसा झालेला नाही, तो फक्त कोणाच्या लक्षात येणार नाही इतका लहान झाला. शिवाय नोंदी नकलेपेक्षा वेगाने होत असतील तर फेऱ्या संपतच नाहीत. आणि मुळात दुसरी इमारत असावी लागते.

जागेवरच बदल

दुसरा मार्ग अडचणीतून निघाला. एमआयटीतील जेफ अर्नोल्ड या विद्यार्थ्याने एका सर्व्हरवरील सुरक्षा-दुरुस्ती, वापरणाऱ्यांची गैरसोय नको म्हणून, सोयीच्या वेळेपर्यंत पुढे ढकलली. मधल्या काळात घुसखोराने डाव साधला. त्यातूनच ‘केस्प्लाइस’ जन्मास आले. यात लिनक्सच्या गाभ्यातील सदोष भाग यंत्र चालू असतानाच बदलला जातो. एप्रिल 2015 च्या लिनक्स 4.0 मध्ये अशा बदलांसाठीचा सामाईक पाया समाविष्ट झाला.

तत्पूर्वी सप्टेंबर 2014 मध्ये झेनमध्ये एक गंभीर दोष आढळला होता. तो जाहीर होण्यापूर्वी दुरुस्त करणे भाग होते आणि ॲमेझॉनला आपल्या ताफ्यातील सुमारे दहा टक्क्यांपर्यंत यंत्रे पुन्हा सुरू करावी लागली. 2016 च्या झेन 4.7 आवृत्तीत जागेवरच दुरुस्तीची सोय आली, ती याच पार्श्वभूमीवर पाहावी लागेल. 2019 मध्ये अलिबाबाच्या अभियंत्यांनी त्यापुढचे पाऊल मांडले. नियंत्रक प्रणालीची नवी आवृत्ती त्याच संगणकावर जुनीशेजारी चढवायची आणि चालू यंत्रे तिच्या हाती सोपवायची. लाखो यंत्रांचे स्थलांतर करण्यास जागा व जाळे दोन्ही अपुरे पडत होते, हे त्यामागील कारण होते.

जिल्ह्यातील स्थिती

भारतात 2014 पासून शासकीय सेवांसाठी ‘मेघराज’ ही मेघसंगणन योजना उभी राहिली. ऑनलाइन सातबारा किंवा प्रवेश-अर्ज मोठ्या केंद्रांतून येतो, तेव्हा त्यामागील यंत्र हलवण्यास दुसरी जागा असू शकते. पण एखाद्या संस्थेच्या कपाटाशेजारी ठेवलेल्या एकमेव सर्व्हरला ती नसते. तेथे दुरुस्तीसाठी दिवाळीच्या सुट्टीची वाट पाहिली जाते आणि तोवर यंत्र सदोषच चालते. अर्नोल्डने केलेली चूक ती हीच. फरक एवढाच की येथे तिच्यामागे निष्काळजीपणा नसून दुसऱ्या यंत्राची तरतूद नसणे हे कारण असते. दुसरे जुने यंत्र आणि सामाईक साठवणूक एवढ्यावरही झेन किंवा केव्हीएमसारख्या मुक्त प्रणाली स्थलांतर करू शकतात. दोन्हींचे प्रोसेसर परस्परसुसंगत असणे मात्र आवश्यक आहे. खरेदीच्या निविदा काढताना ही अट सहसा कोणी लिहीत नाही.