अंगण, अंगणवाडी आणि पहिलीचा उंबरठा

'अंगणवाडी' हा शब्द आपल्या तोंडात इतका रुळला आहे की तो कधीतरी कुणीतरी घडवला असेल, हे सुचतही नाही. हा शब्द मंत्रालयातल्या फायलीतून आलेला नाही. आज पालघर जिल्ह्यात असलेल्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, तिथून तो आला. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या.

ताराबाईंनी त्याआधी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केले होते. १९२६ साली स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या त्या आधारस्तंभ होत्या. मुंबईत दादरला त्यांनी शिशुविहार चालवले. मोंतेस्सोरी पद्धतीवर त्यांची पूर्ण श्रद्धा होती, पण ती शहरातल्या मध्यमवर्गापुरती राहते आहे, हेही त्यांना दिसत होते. बोर्डीला आल्यावर त्यांनी महागडी साधने बाजूला ठेवली. शिंपले, बिया, माती, बांबू, पाने जे गावात मिळेल त्यातून शिक्षणसाधने केली. तरीही दलित आणि कष्टकरी वस्तीतली मुले बालवाडीत येईनात. आईबाप पहाटेच मजुरीला जात, मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन घर राखत असे, आणि गावच्या मध्यावर जाऊन बसायचा संकोच होताच. तेव्हा ताराबाईंनी ठरवले की मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे. बालवाडी अंगणात गेली आणि तिची अंगणवाडी झाली.

पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबादच्या टेकडीवर गेले. तिथली वारली मुले गुरे राखायला जात, म्हणून कुरणशाळा निघाली. मोठी मुलगी भावंडामुळे शाळेला मुकते, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी 'विकासवाडी' उभी राहिली. धाकटे पाळण्यात, मधले बालवाडीत आणि थोरली पहिली-दुसरीत. एका घरातली तीन मुले एकाच आवारात आली, आणि कुणीतरी एकाने त्या तिघांकडे एकत्र पाहिले.

हा इतिहास सांगायचे कारण असे की आज बालशिक्षणाची चर्चा दोन वेगवेगळ्या खोल्यांत होते. एका खोलीत 'सर्वांना मिळाले पाहिजे' असे म्हणतात, दुसरीत 'चांगले मिळाले पाहिजे' असे म्हणतात. बोर्डी-कोसबादला हे दोन प्रश्न वेगळे नव्हतेच. मूल का येत नाही हे शोधताना पद्धत सुधारली, आणि पद्धत सुधारली म्हणून मूल आले.

मग हे दोन प्रश्न वेगळे कधी झाले?

१९४४ च्या सार्जंट अहवालाने तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी मोफत बालशाळा हव्यात असे म्हटले आणि दहा लाख जागांचे लक्ष्य मांडले. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४५ व्या कलमात चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना शिक्षण देण्याचे ध्येय आले, पण प्रत्यक्षात सगळी योजना पहिलीपासूनच सुरू झाली. १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाने एक शहाणी सूचना केली होती. प्रत्येक राज्यात आणि प्रत्येक जिल्ह्यात पूर्वप्राथमिक शिक्षणाचे विकास केंद्र असावे, आणि त्या केंद्राने बालशाळांना मार्गदर्शन, शिक्षिकांचे प्रशिक्षण, साहित्य आणि देखरेख पुरवावी. म्हणजे जिल्ह्यात कुणीतरी एक जण या वयाच्या मुलांसाठी जबाबदार असावा. ही सूचना अहवालातच राहिली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशभरात ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ताराबाईंचा 'अंगणवाडी' हा शब्द देशाचा झाला. ते पाहायला ताराबाई नव्हत्या, त्या १९७३ मध्ये गेल्या. योजनेत सहा सेवा होत्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आईला आरोग्य व पोषणाचे शिक्षण, आणि मुलाला अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण. योजना महिला व बालविकास विभागाकडे गेली, शाळा शिक्षण विभागाकडे राहिल्या. कुपोषण समोर दिसत होते, वजनाच्या काट्यावर मोजता येत होते, म्हणून आहार पुढे आला आणि शिक्षण मागे पडले. यात सेविकांचा दोष नाही. एका बाईने वजने घ्यायची, नोंदवह्या भरायच्या, गरोदर बायकांच्या घरी जायचे, आणि मग उरलेल्या वेळात गाणी-गोष्टी घ्यायच्या. त्यातही तिला 'मानसेवी' म्हणायचे. सेविका ग्रॅच्युइटीला पात्र आहेत हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावे लागले.

पोहोच वाढली तीही बरीचशी न्यायालयामुळे. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ही योजना सार्वत्रिक करायला सांगितले. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशाने तर वस्तीला मागण्याचाच हक्क दिला. सहा वर्षांखालील किमान चाळीस मुले असलेल्या वस्तीत अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे. माझा अनुभव असा की आपल्या मोहल्ल्यांत रेशनकार्डाची माहिती सर्वांना असते, या हक्काची कुणालाच नसते.

याच सुमारास कायद्याने मात्र एक रेघ ओढली. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाला शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला आणि सहाच्या खालच्या मुलांना ४५ व्या कलमात, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांत, ठेवले. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या ११ व्या कलमात सरकार पूर्वप्राथमिक शिक्षणाची 'व्यवस्था करू शकेल' असे शब्द आहेत. 'करील' आणि 'करू शकेल' यातला फरक मराठीच्या तासाला शिकवायचा असेल तर याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

आता सोलापुरात येऊ. हे गिरणगाव. जुन्या मिलचा भोंगा गेला, मागे यंत्रमाग आणि विडी राहिली. पूर्वभागातल्या पद्मशाली बाया आणि आपल्या मोहल्ल्यांतल्याही कितीतरी जणी सूप मांडीवर घेऊन घरात विड्या वळतात. १९६६ च्या विडी कामगार कायद्यात पाळणाघराची तरतूद होती, पण ती ठरावीक संख्येपेक्षा जास्त स्त्रिया काम करत असलेल्या कारखान्याच्या जागेला लागू होत असे. काम घरी आले आणि पाळणाघर कायद्यातच राहिले. विडी कामगारांच्या मुलांची शिष्यवृत्तीही पहिलीपासून सुरू होते. म्हणजे ज्या वयात मूल तंबाखूच्या धुळीत आईच्या पायाशी बसलेले असते, नेमके तेच वय सगळ्यांच्या हिशेबातून सुटते.

दुसरी गोष्ट भाषेची. सोलापूर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषांत जगते, आणि महापालिकेच्या शाळांनी या चारही भाषांची माध्यमे चालवली आहेत. शाळेला माध्यम असते, ते पाटीवर लिहिलेले असते. अंगणवाडीच्या पाटीवर मात्र माध्यम नसते. सेविका त्याच गल्लीतली असेल तर मुलाच्या तोंडातली दखनी तिला कळते आणि मूल खुलते. गल्लीची भाषा तिला येत नसेल तर मूल खिचडी खाऊन गप्प घरी जाते. सेविका स्थानिक असावी हा नियम म्हणूनच मला योजनेतला सर्वांत शैक्षणिक नियम वाटतो, जरी तो शिक्षणाच्या सदरात मोडत नसला तरी.

मुस्लिम घरांत या वयाकडे दुर्लक्ष होते असे कुणी म्हणाले तर त्याला 'बिस्मिल्लाख्वानी'ची आठवण करून द्यावी. मूल चार वर्षे, चार महिने, चार दिवसांचे झाले की त्याच्याकडून पहिले अक्षर म्हणवून घ्यायचे, मिठाई वाटायची, ही आपल्याकडची जुनी रीत. म्हणजे चौथ्या-पाचव्या वर्षी शिक्षण सुरू होते हे आपल्या दादी-नानीला ठाऊक होते. आज त्याच मुलाचा दिवस पाहा. सकाळी खासगी केजीत इंग्रजी एबीसीडी, दुपारी अंगणवाडीचा आहार घरी, संध्याकाळी मकतबमध्ये अरबी कायदा. तीन ठिकाणे, तीन लिप्या, आणि एकाही ठिकाणच्या माणसाला उरलेल्या दोघांची ओळख नाही. फी परवडत नसेल तर केजी वजा. मग हे मूल सहाव्या वर्षी उर्दू पहिलीत माझ्यासमोर बसते, तेव्हा त्याच्याबरोबर जन्मदाखला येतो, आधार येते. तीन वर्षे त्याने काय ऐकले, काय बोलले, कशाला घाबरले, याची एक ओळही येत नाही.

जगात हे वेगळ्या पद्धतीने झालेले आहे. बोर्डीला काम सुरू झाले त्याच १९४५ मध्ये इटलीतल्या रेज्जो एमिलिया शहराजवळच्या एका खेड्यात शेतकरी-कामगारांनी युद्धात मागे राहिलेला रणगाडा, ट्रक आणि घोडे विकून त्या पैशांत बालशाळा बांधायला घेतली. आयांनी आणि मजुरांनीच ती उभी केली. फरक पुढे पडला. १९६३ मध्ये त्या शहराच्या नगरपालिकेने स्वतःची पहिली बालशाळा उघडली आणि काही वर्षांत पालकांनी चालवलेल्या शाळाही आपल्याकडे घेतल्या. दर्जा आणि प्रवेश या दोन्हींसाठी लोकांना जाब विचारायला एकच दार राहिले. आज जगभरचे शिक्षक ते काम पाहायला जातात. बोर्डीची कल्पना त्याहून कमी नव्हती. आपल्याकडे ते एक दार नव्हते.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने तीन ते आठ हे वय एकच 'पायाभूत स्तर' मानले आहे. सहाव्या वर्षावरची जुनी रेघ निदान कागदावर तरी पुसली आहे. महाराष्ट्रात २०२२ पासून 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारी अभियानाचे मेळावे होतात. त्या दिवशी सेविका, शिक्षक आणि आया एका मांडवात बसतात. तेच वर्षभर व्हायला काय हवे? महापालिका, महिला-बालविकास आणि शिक्षण विभाग यांच्यात शहरासाठी एक उत्तरदायी माणूस हवा, कोठारी आयोगाने सांगितलेल्या जिल्हा केंद्रासारखा. खासगी बालवर्गही त्याच्या नजरेखाली हवेत. प्रत्येक वस्तीतली सेविका आणि तिथल्या पहिलीचा शिक्षक महिन्यातून एकदा भेटायला हवेत. आणि मूल अंगणवाडीतून निघताना त्याच्याबरोबर एक साधा कागद हवा: घरची भाषा कोणती, आवडते गाणे कोणते, कान-डोळ्याची तपासणी झाली का.

यातला शेवटचा कागद सुरू करायला शासन निर्णयाची वाट पाहायची गरज नाही. आपल्या गल्लीतली अंगणवाडी कुठे भरते, तिथल्या ताईंचे नाव काय, एवढे आपण शिक्षकांनी विचारले तरी सुरुवात होईल. आणि गल्लीत अंगणवाडीच नसेल तर सहाच्या खालची मुले मोजा. चाळीस भरली की अर्ज लिहा.